आपल्याच स्पीडनं चाललेली बाई

अकराव्या वर्षी लग्न, शाळेशी संबंध जवळपास शून्य, नवरा जगावेगळा… आणि साठी उलटून गेल्यावर मराठीतलं एक झकास पुस्तक नावावर! नाशिकच्या लक्ष्मीबाई टिळकांची ही पुन्हा एकदा ओळख. खास करून तिशीतच 'आता काय, आपलं वय गेलं' म्हणणाऱ्या मंडळींसाठी.

वीकएण्डला गंगापूर रोड पकडणाऱ्यांची कमी नाही. कुणी सोमेश्वरच्या धबधब्यावर जातं, कुणी धरणाच्या बॅकवॉटरला, कुणी वाइनरीत. येताना मिसळ चापायची, कोंडाजीचा चिवडा पिशवीत टाकायचा आणि 'नाशिक झालं' म्हणून हायवेला लागायचं. याच बाजूला, गोदावरीच्या काठी, जलालपूर नावाचं गाव आहे. बहुतेक गाड्या तिथं थांबत नाहीत. पण १८६८ साली याच गावात गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्माला आली. माहेरचं नाव मनकर्णिका. सासरी गेल्यावर लक्ष्मी झाली आणि पुढं सगळा महाराष्ट्र तिला लक्ष्मीबाई टिळक म्हणून ओळखायला लागला.

हे नाव तुम्ही ऐकलेलं असणार. शाळेत मराठीच्या पुस्तकात 'स्मृतिचित्रे'मधला एखादा उतारा होता, आठवतोय? खाली 'एका वाक्यात उत्तरे लिहा' होतं, म्हणून आपण तो पाठ केला आणि विसरलो. धड्यातल्या बाईंचं असंच होतं. त्या 'थोर' होतात आणि मग त्यांच्याशी गप्पा मारायची सोयच राहत नाही. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तर हे फारच वाईट, कारण मराठीत इतकी गप्पिष्ट बाई दुसरी सापडायची नाही.

मीठसुद्धा धुणारं घर

लक्ष्मीबाईंचं बालपण समजून घ्यायचं तर आधी त्यांच्या वडिलांना भेटायला हवं. १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना इंग्रजांनी फाशी दिलं. त्या धक्क्यानं वडिलांच्या मनावर असा काही परिणाम झाला, की सोवळ्याओवळ्याचं वेडच त्यांच्या डोक्यात शिरलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊनच घरात घ्यायची. अगदी मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर किती उरणार, याचा हिशोब तुम्हीच करा.

आज आपण याला मानसिक आजार म्हणू, डॉक्टरची अपॉइंटमेंट घेऊ. तेव्हा तसं काही नव्हतं. घरातल्या बायकापोरांनी ते निमूट सोसलं. लक्ष्मीबाईंनी मात्र हे सगळं पुढं लिहून ठेवलं, आणि तेही कसं? वडिलांवर राग नाही, रडारड नाही. वाचताना आपल्याला हसू येतं आणि पुढच्याच ओळीला पोटात गलबलतं. बाईंची ही स्टाइल पुस्तकभर टिकली आहे.

१८८० मध्ये, अकरा-बारा वर्षांच्या असताना, त्यांचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. वय अठरा, डोक्यात कविता, पायाला भिंगरी. न सांगता घरातून निघून जायचं, महिनोन्‌महिने पत्ता नाही, मग अचानक दारात हजर! खिशात पैसा टिकत नाही. घरात सामान नसताना सामानासाठी दिलेल्या पैशातून शोभेची दौत घेऊन येणारा हा माणूस. कवीला दौत हवीच की! पण चुलीला लाकडं लागतात, हे दरवेळी बायकोनंच सांगायचं.

शाळा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आली नाही. लिहायला-वाचायला त्या शिकल्या त्या लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखाली. शुद्धलेखन शेवटपर्यंत कच्चंच राहिलं. आपल्या ऑफिसातले मेल स्पेलचेकशिवाय पाठवून बघा, म्हणजे कळेल की असं असूनही आत्मविश्वासानं लिहीत राहणं काय चीज आहे.

नवऱ्याला दिलेला नकार

आणि मग १८९५ उजाडलं. १० फेब्रुवारीला मुंबईत टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

आजच्या घडीला ही बातमी वाचून आपण फार तर भुवया उंचावू. पण त्या काळच्या चित्पावन घरात याचा अर्थ होता, माणूस गेला. जिवंतपणी गेला. सुतक धरायचं की नाही एवढाच प्रश्न. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, पदरात लहान मुलगा. त्यांची अवस्था वेड्यासारखी झाली. आप्तांनी त्यांना सांभाळलं, नजरेआड होऊ दिलं नाही. पुढचा काळ त्यांनी मुलाला घेऊन पंढरपुरात काढला.

इथं दोन सरळ रस्ते होते. एक, नवऱ्यामागं जायचं आणि म्हणायचं, जिथं धनी तिथं मी. पतिव्रतेला तेच शोभतं असं कुणीही म्हणालं असतं. दुसरा, नवरा मेला असं समजून कपाळ कोरं करायचं आणि भावाबहिणींच्या दारात उरलेलं आयुष्य काढायचं. लक्ष्मीबाईंनी यातलं काहीच केलं नाही. कुंकू पुसलं नाही आणि धर्मही सोडला नाही. नवऱ्याची पत्रं येत होती, कविता येत होत्या, बाई त्या वाचत होत्या. पण गेल्या नाहीत. जवळपास पाच वर्षं!

त्या काळाची थोडी कल्पना द्यायची तर दोन गोष्टी सांगते. लहानपणी लागलेलं लग्न मान्य नाही म्हणून नवऱ्याकडं नांदायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टानं बजावलं होतं, नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. आणि धर्मांतर केलेल्या माणसाचा जोडीदार धर्माच्या कारणावरून नांदायला तयार नसेल, तर कोर्टात जाऊन लग्न मोडून घेता येईल असा कायदा १८६६ पासूनच होता. म्हणजे बायकोच्या 'नाही'ला किंमत काय होती ते समजा. टिळकांनी कोर्टाची पायरी चढून लग्न मोडलं नाही, ते थांबले. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण थांबायला लावलं कुणी? बाईंनी!

बदलायचं, पण स्वतःला पटल्यावर

पुढं त्या टिळकांकडं नगरला आल्या, तेसुद्धा आपल्या अटींवर. त्यांचा स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं शाबूत. एका घरात दोन धर्म. नवरा त्यांना समजावायला गेला नाही असं नाही, पण ओढून नेता आलं नाही.

मग एक दिवस बाईंच्या मनात प्रश्न उभा राहिला. जाती देवानं केल्या का माणसानं? देवानं केल्या असत्या तर जनावरांमध्ये जसा दिसण्यात फरक असतो, तसा माणसांतही दिसायला नको का? त्यांनी यावर कुणाचं भाषण ऐकलं नाही, पुस्तक धुंडाळलं नाही. आपल्याशीच विचार केला आणि ठरवलं, आजपासून मी कोणाच्याही हातचं खाईन-पिईन. झालं! ज्या घरात मीठ धुतलं जायचं त्या घरातली मुलगी एका विचारानं मोकळी झाली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती झाल्या, पण म्हणून साहेबीण झाल्या नाहीत. बोलणं तेच, ओवी तीच, स्वयंपाकघरातला ठसका तोच.

मला या बाईंचं सगळ्यात अपील होतं ते हेच. त्या बदलल्या, खूप बदलल्या. आपल्यापैकी भल्याभल्यांना झेपणार नाही इतका पल्ला त्यांनी गाठला. पण प्रत्येक वळण स्वतःला पटल्यावरच घेतलं. नवरा घाई करत होता म्हणून नाही आणि समाज डोळे वटारत होता म्हणूनही नाही. आपण 'इंडिपेंडंट' म्हणजे स्वतःचा फ्लॅट, स्वतःची कार, स्वतःचं क्रेडिट कार्ड असं धरून चालतो. बाईंकडं यातलं काहीही नव्हतं. पण 'मला अजून पटलेलं नाही' असं त्या म्हणू शकत होत्या, आणि पटलं की 'आता पटलं' असंही. यातलं दुसरं जास्त अवघड असतं. आपल्या मीटिंगांमध्ये बघा ना, किती जणांना जमतं?

(चौकट)
शरणपूर रोडचं 'शरण'

नाशिकचा शरणपूर रोड म्हणजे आज शोरूम, क्लासेस आणि कॅफे. पण हे नाव आलं ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपूर या वस्तीवरून. शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांनाही नाशिकच्या या मिशनमध्ये आसरा आणि शिक्षण मिळालं. त्यांच्यातला जेकब वेनराइट पुढं आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शोधात गेलेल्यांबरोबर होता. लिव्हिंगस्टनचं शव घेऊन तो थेट इंग्लंडला पोचला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या अंत्यविधीत त्यानं शवपेटीला खांदा दिला. लक्ष्मीबाई तेव्हा जलालपूरच्या गोखल्यांच्या घरात सोवळं सांभाळायला शिकत होत्या. एकाच नाशिकात दोन जगं होती आणि दोन्ही जगं पाहण्याचा योग पुढं बाईंच्या नशिबी आला.

घर कसलं, धर्मशाळाच

नगरचं टिळकांचं घर म्हणजे कायम उघडं दार. दुष्काळात उघड्यावर आलेली मुलं, शिकायला आलेले विद्यार्थी, कवी, पाहुणे… टिळक माणसं गोळा करून आणायचे आणि बाई ताटं वाढायच्या. प्लेगच्या साथीत त्यांनी रोग्यांची शुश्रूषाही केली. लोक आपल्या माणसाला सोडून पळत होते असे ते दिवस.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे नावाचा एक हळवा मुलगा राहायला आला. म्हणजे आपले बालकवी! लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं वागवलं. १९१८ मध्ये भादलीजवळ रेल्वेखाली त्याचा अंत झाला, तेव्हा तो जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ ला, मुंबईत टिळक गेले.

लक्ष्मीबाई तेव्हा पन्नाशीच्या. चाळीस वर्षांचा संसार संपला होता. बहुतेक चरित्रांमध्ये इथं बायकोचा रोल संपतो. 'उर्वरित आयुष्य त्यांनी पतीच्या आठवणींत घालवलं' अशी एक ओळ येते आणि पडदा पडतो.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत खरी इनिंग इथून सुरू झाली!

पन्नाशीनंतरची बॅटिंग

काय काय केलं बाईंनी? मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनची नोकरी केली. मुलाबाळांबरोबर कराचीला जाऊन राहिल्या. हो, कराची! तेव्हा मुंबई इलाख्यातलंच शहर होतं ते. पुन्हा परत आल्या आणि नाशिकला स्थिरावल्या.

त्यातच त्यांनी एक भलंमोठं काम अंगावर घेतलं. टिळक 'ख्रिस्तायन' नावाचं महाकाव्य लिहीत होते. येशूचं चरित्र, ओवीत. ते गेले तेव्हा त्याचे साडेदहा अध्याय झाले होते. पुढचे ६४ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. पुन्हा वाचा, चौसष्ट! साडेदहा आणि चौसष्ट यांची बेरीज केली तर पुस्तक कुणाचं म्हणायचं? शेवटचा अध्याय मुलानं, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केला आणि १९३८ मध्ये ते छापून आलं. जिला नवऱ्यानं अक्षर ओळखायला शिकवलं, तिनंच त्याचं अर्धवट राहिलेलं काम तडीला नेलं.

१९३३ मध्ये नागपूरला साहित्य संमेलन भरलं, तेव्हा तिथल्या कविसंमेलनाचं अध्यक्षपद लक्ष्मीबाईंकडं आलं. वय पासष्ट. व्यासपीठावर बसलेल्या या बाईंनी शाळेची एकही परीक्षा दिलेली नव्हती.

आणि मग 'स्मृतिचित्रे'. याची सुरुवातही मजेशीर आहे. देवदत्तांना वडिलांचं चरित्र लिहायचं होतं. त्यासाठी आईकडून आठवणी हव्या होत्या. आई, तू आठवेल तसं लिहून दे! आईनं लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता चरित्र बाजूलाच राहिलं, आत्मचरित्र तयार झालं. १९३४ पासून ते चार भागांत प्रसिद्ध झालं. वाचकांच्या अक्षरशः उड्या पडल्या.

या पुस्तकाच्या आधीही मराठीत बायकांची आत्मचरित्रं होती. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० मध्ये आलं. सुंदर पुस्तक आहे, पण त्यात नवरा देव्हाऱ्यात आणि बायको हात जोडून उभी. लक्ष्मीबाईंनी नवऱ्याला देव्हाऱ्यातून उचलून सरळ ओटीवर बसवलं. त्यांचे टिळक रागावतात, रुसतात, फसतात, पैसे उधळतात, पोरासारखं वागतात आणि तरीही मोठे वाटतात. टिळकांवर त्यांचं प्रेम होतं यात शंकाच नाही. पण प्रेम आहे म्हणून चुकांवर पांघरूण घालायचं, हे त्यांना मान्य नव्हतं. स्वतःवरही नाही घातलं. स्वतःच्या फजित्या तर त्यांनी दुप्पट रंगवून सांगितल्या.

आमच्या आजीची कॉपी

'स्मृतिचित्रे' मी पहिल्यांदा सलग वाचलं ते माझ्या आजीच्या कॉपीतून. आजी पंचवटीत राहायची. जुना वाडा पाडून झालेल्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या, गॅलरीत तुळस आणि कढीपत्ता, कॉटखाली ट्रंक. आजोबा गेल्यावर बारा वर्षं एकटी राहिली. भाजी स्वतः आणायची, लाइट बिल स्वतः भरायची, गोदेला पूर आला की शेजारच्या पोरांना घेऊन पाणी कुठवर चढलंय ते बघायला जायची. दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर तिचा फोन यायचा, 'अगं, कमरेपर्यंत आलंय!' मी पुण्यात, हिंजवडीत, क्युबिकलमध्ये बसून हे ऐकायची.

ऐंशी पूर्ण झाली त्या वर्षी आजी बाथरूममध्ये घसरली. मनगट गेलं. घरात मीटिंग बसली. बाबा, काका, आत्या, सगळे. ठरलं, आता आजीला एकटं ठेवायचं नाही. पुण्याला बाबांकडं किंवा ठाण्याला काकांकडं, तिनं निवडावं. सगळ्यांचा हेतू चांगलाच होता. प्लास्टर घातलेला हात मांडीवर ठेवून आजी ऐकत होती. सगळे बोलून थांबल्यावर म्हणाली, "निवडायचं म्हणताय आणि दोन्ही घरं तुमचीच सांगताय. माझं घर यादीत का नाही?"

काका म्हणाले, "आई, वय काय तुझं आता?"

"लक्ष्मीबाई साठीच्या पुढं अध्यायांवर अध्याय लिहीत होत्या," आजी म्हणाली. "मला काही लिहायचं नाहीये रे. माझा चहा मला हवा तेव्हा, हवा तसा करून प्यायचाय. एवढंच."

आत्याला हसू आलं, बाबांना राग. पण आजी हट्टाला पेटली नव्हती, हे सांगायला हवं. तिनं तिथल्या तिथं मांडवली केली. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवा. रात्री झोपायला खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांगा, पैसे माझ्या पेन्शनीतून. मोबाइल गळ्यात अडकवीन. आणि ज्या दिवशी मला झेपणार नाही, त्या दिवशी मीच फोन करीन.

पुढची तीन वर्षं ती त्याच घरात राहिली. चौथ्या वर्षी, दिवाळीनंतर, तिचा बाबांना फोन आला, "आता ये न्यायला." बाबा गेले तेव्हा तिची ट्रंक भरून तयार होती. कपडे, आजोबांचा फोटो आणि 'स्मृतिचित्रे'. पुण्यात आमच्याकडं ती दीड वर्ष राहिली, मजेत राहिली. ती गेल्यावर पुस्तक माझ्याकडं आलं. बांधणी सुटलेली, पिवळी पानं, मधूनमधून पेन्सिलच्या खुणा. गंमत म्हणजे टिळकांच्या गमतीजमतींपाशी खुणा फारशा नाहीत. जिथं जिथं बाई एकट्या बसून काहीतरी ठरवतात, तिथं मात्र हमखास एक बारीकशी रेघ आहे.

आपल्या पिढीला आईवडिलांची काळजी आहे, आजीआजोबांचीही आहे. अ‍ॅपवरून औषधं पाठवतो, कॅमेरे बसवतो, व्हिडिओ कॉल करतो. पण 'तुझं काय म्हणणं आहे?' हा प्रश्न यादीत बऱ्याचदा शेवटी येतो. म्हातारी माणसं हट्टी असतात असं आपण सहज म्हणून टाकतो. हट्टी आणि स्वतःचं मत असलेलं, यातला फरक कळायला लक्ष्मीबाई वाचाव्यात.

दोन टायटलांची गोष्ट

'स्मृतिचित्रे' इंग्रजीत गेलं, तेव्हाची एक गोष्ट मला फार इंटरेस्टिंग वाटते. १९५० मध्ये जोसेफाइन इंक्स्टर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. नाव दिलं 'आय फॉलो आफ्टर'. म्हणजे, मी मागोमाग जाते. पुढं २०१७ मध्ये शांता गोखल्यांनी पुन्हा अनुवाद केला. त्याचं उपशीर्षक 'द मेमॉयर्स ऑफ अ स्पिरिटेड वाइफ'. सदुसष्ट वर्षांत मागोमाग जाणारी बाई 'स्पिरिटेड' झाली! बाई तीच, शब्द तेच. बदललो आपण.

या 'स्पिरिटेड'ला मराठीत काय म्हणायचं? बाणेदार म्हटलं तर पुतळा उभा राहतो. बिनधास्त म्हटलं तर कॉलेजच्या कट्ट्यावरची पोरगी. आमची आजी अशा बाईला 'खमकी' म्हणायची. मला तोच शब्द बरोबर वाटतो. खमकी बाई आरडाओरडा करत नाही. ती जागची हलत नाही, एवढंच. आणि हलायचं ठरवलं की मग कुणी अडवू शकत नाही.

विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी 'स्मृतिचित्रे'वर फिल्म केली होती. त्यात सुहास जोशी लक्ष्मीबाई झाल्या होत्या. त्या पाहिलेली आमच्या आईच्या वयाची मंडळी अजूनही त्यांचं नाव निघालं की खुलतात. आपल्यापैकी बऱ्याच जणांची तेव्हा जन्माची तयारीही झाली नव्हती. पण पुस्तक आहे की! आणि ते वाचायला साहित्याचा अभ्यास वगैरे काही लागत नाही. वाक्यं छोटी, भाषा घरातली, गोष्टीमागून गोष्ट. लांबच्या प्रवासात घ्या, एका बैठकीत शंभर पानं उडतात.

२४ आणि २७

दरवर्षी २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या वाढदिवशी, मराठी भाषा गौरव दिन असतो. नाशिकला त्याचं विशेष कौतुक, कारण कुसुमाग्रज नाशिकचे. ऑफिसात झब्बे-साड्या निघतात, मोबाइलवर कवितांचे फॉरवर्ड सुरू होतात, मराठी वाचायला हवं असा निश्चय आपण सगळेच करतो.

त्याच्या तीनच दिवस आधी, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, नाशिकमध्येच लक्ष्मीबाई गेल्या. वय सदुसष्ट. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भाग तेव्हा अर्धवट होता, तो देवदत्तांनी पूर्ण केला. 'ख्रिस्तायन'चंही तेच. म्हणजे बाई गेल्या तेव्हा टेबलावर एक सोडून दोन कामं चालू होती. रिटायरमेंट प्लॅन असावा तर असा!

यंदा भाषा दिनाचा निश्चय करणारच असाल, तर तीन दिवस अलीकडं करा. पुस्तक आणा, आणि घरात आजी असेल तर आधी तिला विचारा. बहुतेक तिनं ते वाचलेलं असेल. खुणा कुठं केल्या असत्या तेवढं विचारून घ्या.